आपली कुरणे आणि त्यांचे वैरी

आपल्या समाजाच्या स्मरणिकेत दरवर्षी थोर पुरुषांची चरित्रे येतात, आणि ती यावयासच हवीत. सुभेदार मल्हारराव होळकरांचा पराक्रम, पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा न्याय व दानधर्म, महाराजा यशवंतरावांनी इंग्रजांशी दिलेली झुंज हे सर्व आपल्या मुलाबाळांनी वाचावे यात दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ज्या गवतावर मल्हाररावांची घोडी पोसली आणि ज्या गवतावर आपल्या आजापणजांची खिल्लारे व मेंढरे जगली, त्या गवताचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही. गवतालाही इतिहास असतो. त्यातही राज्ये बुडतात, परके येतात, ठाण मांडून बसतात, आणि कधी कधी हाकलून दिले जातात. सातारा-सांगली भागातील कुरणांवर गेल्या दीडदोनशे वर्षांत जी तणे चालून आली, त्यांची हकीकत आम्ही येथे आमच्या अल्प मतीप्रमाणे मांडीत आहोत. आज ज्यांच्या घरी कळप आहे त्यांना तिचा उपयोग होईलच. पण ज्यांच्या घरचा कळप मागच्या पिढीत मोडला, त्यांनाही तो का मोडला याचे एक कारण तीत सापडेल.

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे आहेत. १९४९ साली सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा काढून त्यास जत, औंध, सांगली, मिरज इत्यादी संस्थानांचे मुलूख जोडण्यात आले व दक्षिण सातारा असा जिल्हा झाला. १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. नाव बदलले तरी रान तेच राहिले. पश्चिमेस महाबळेश्वर, कोयना, चांदोली येथे पाऊस हजारो मिलिमीटरांत मोजावा लागतो. पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत येथे तो पाचशेच्या घरात कसाबसा पोहोचतो, आणि तोही दरवर्षी पोहोचतोच असे नाही. आपल्या लोकांनी या दोन्ही रानांचा मेळ घालून आपला धंदा उभा केला होता. माणदेशात आणि आटपाडी महालात खिल्लार जातीची पैदास झाली, जतच्या माळावर माडग्याळ मेंढी निपजली. पाऊस संपला, माळ सुकला की वाडा हलत असे. कोणी कृष्णाकाठी उतरे, कोणी फलटणच्या बाजूने घाट ओलांडून कोकणात जाई. कळप शेतात बसवावा, शेतकऱ्याने खताच्या बदल्यात धान्य द्यावे, आणि पहिल्या पावसाच्या सुमारास परत माळावर यावे, असा तो क्रम होता. मधल्या काळात माळास जो विसावा मिळे, त्यातच त्याचे आरोग्य होते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

शेतातील तण आणि कुरणातील तण यांत एक मोठा भेद आहे. शेतात आपण पेरले नाही ते सर्व तण. कुरणात कोणीच काही पेरलेले नसते. तेथे जनावर जे खाते ते पीक आणि जे टाकून देते ते तण, हाच निवाडा चालतो. आता जनावर चांगले तेवढे आधी खाते. माळावरील मारवेल, पवना, शेडा, डोंगरी ही गवते त्यास प्रिय. त्याच माळावर दिवसामागून दिवस तोच कळप फिरत राहिला तर या गवतांना बी धरण्यास उसंत मिळत नाही. ती मागे हटतात आणि त्यांच्या जागी कुसळी येते. कुसळीही कोवळी असताना जनावर खाते. पण तिला कुसळे आली की ती ओलाव्याने पिळा घेत मेंढीच्या लोकरीत शिरतात, कातडे भेदून आत जातात, तोंडात जखमा करतात. तोही माळ चराईने झिजला आणि त्यात दरसाल वणवा लागला की राहते ती उघडी मुरमाड जमीन. अशी जमीन म्हणजे दार उघडे टाकलेले घर. जो प्रथम येईल तो तिचा धनी.

आता हे दार उघडे कोणी टाकले, हा प्रश्न वादाचा आहे. सरकारी लिखाणातून शेळ्यामेंढ्यांवर व त्यांच्या मालकांवर ठपका ठेवण्याची जुनी चाल आहे. आमचे म्हणणे असे की इतिहास इतका सोपा नाही. मराठेशाहीत पागेच्या घोड्यांसाठी सरकारी कुरणे राखली जात. तेथे गवत वाढू देऊन ते कापून गंजी रचीत. गावची गायराने वेगळी असत. १८१८ साली पेशवाई गेली, १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले, आणि १८६५ व १८७८ च्या जंगल कायद्यांनी डोंगर आणि त्यांलगतची चराऊ राने राखीव झाली. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ च्या ग्रंथात नव्या जंगल खात्याने डोंगर व गायराने गिळल्याची आणि गरिबांच्या शेरडांना वाराही खाण्यास जागा न उरल्याची तक्रार केली आहे, ती मुळातून वाचण्याजोगी आहे. १९३० साली शिराळा तालुक्यातील बिळाशी येथे जो जंगल सत्याग्रह झाला, त्यामागेही या कायद्याविषयीचा राग होता. तात्पर्य इतकेच की पूर्वी दहा रानांत विभागला जाणारा कळप दोन रानांत कोंडला गेला. त्या दोन रानांची काय अवस्था झाली असेल ते सांगावयास नको.

अशा या उघड्या दारातून प्रथम जो पाहुणा आत शिरला तो फड्या निवडुंग.

निवडुंग मूळचा अमेरिकेचा. युरोपीय लोकांच्या जहाजांतून तो इकडे आला आणि कुंपणासाठी फार सोयीचा म्हणून गावोगाव लावला गेला. गावकुसाबाहेर त्याची भिंत असली की गुरे आत येत नसत. पण हा पहारेकरी हळूहळू मालक झाला. त्याचे एक फडे तुटून पडले तरी ते मूळ धरते. तांबडी बोंडे पाखरे खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. कुऱ्हाडीने तोडावा तर एकाचे दहा होतात. तोडून ओढ्यात टाकावा तर पुराबरोबर तो पुढच्या गावी जाऊन लागतो. गायराने, ओढ्याचे काठ, पडक्या वाड्यांची जोती, सारे त्याने व्यापले. त्यात साप, विंचू, घाण, सगळ्यांना आसरा. आमच्या लहानपणी वडीलधारी माणसे सांगत की चुकलेले वासरू निवडुंगाच्या रानात शिरले तर त्यास बाहेर काढताना माणसाच्याच अंगाची चाळण होई.

तरी एक गोष्ट निवडुंगाच्या बाजूने सांगितली पाहिजे. १८७६ ते १८७८ चा आणि पुढे १८९६ ते १९०० या काळातला दुष्काळ दख्खनेत पडला, तेव्हा कडबा मिळेना म्हणून फड्यांचे काटे आगीवर भाजून, तुकडे करून, मिळेल त्या वाळल्या वैरणीत मिसळून ते जनावरांस घालण्याचा प्रयोग झाला. त्यात पाणीच फार. नुसत्या फड्यांवर जनावर पोसत नाही, त्यास ढाळ लागते. परंतु वैरणीच्या एका पेंढीत दोन जनावरे तगविण्यास त्याचा उपयोग झाला. वैऱ्याकडूनही अडचणीच्या वेळी उसने घ्यावे लागते, ते असे.

त्याचा नायनाट झाला तो माणसाच्या हाताने नव्हे. ही कथा मोठी रंजक आहे आणि ती दोन अंकी आहे. किरमिजी रंग एका किड्यापासून निघतो, आणि तो किडा निवडुंगावर वाढतो. मेक्सिकोत स्पॅनिश लोकांनी हा धंदा आपल्या मुठीत ठेवला होता. तो रंग आपल्या हाती यावा अशी ईस्ट इंडिया कंपनीची इच्छा. १७९५ साली कॅप्टन नीलसन नावाच्या अधिकाऱ्याने ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथून तो किडा कलकत्त्यास आणला. पण आणला तो अस्सल रंगाचा किडा नव्हता. त्याचाच रानटी भाऊबंद होता. रंगाचा व्यापार बुडाला. मात्र त्या किड्याने निवडुंगाची एक जात देशाच्या मोठ्या भागातून खाऊन फस्त केली. कंपनीला हवा होता रंग, आणि लोकांस मिळाली निवडुंगापासून सुटका. जगात तणावर कीड सोडून त्याचा नाश झाल्याचे जे पहिले दाखले सांगतात, त्यांत हा एक आहे.

तथापि दख्खनेत माजलेल्या निवडुंगाच्या जाती निराळ्या होत्या. त्या पहिल्या किड्याने तोंडातही घेतल्या नाहीत. दुसरा अंक सव्वाशे वर्षांनी सुरू झाला. १९२६ साली सिलोनमधून दुसऱ्या जातीचा किडा मद्रास इलाख्याच्या दक्षिण टोकास आणण्यात आला, आणि अवघ्या पाचसहा वर्षांत तिकडील हजारो एकर निवडुंग बसला. पुढील काळात आपल्याकडील फड्या निवडुंगाचेही तेच झाले. हा किडा दिसावयास अगदी क्षुद्र. मादी एकदा फड्यात सोंड रोवून बसली की जन्मभर हलत नाही. रस शोषते आणि अंगाभोवती पांढऱ्या कापसासारखे आवरण घेते. ते चिरडले तर बोटास रक्तासारखा लाल रंग लागतो. तिची पिले वाऱ्याबरोबर शेजारच्या झाडावर जातात. माणसाने करावयाचे ते इतकेच की कीड लागलेले फडे तोडून निरोगी निवडुंगावर नेऊन ठेवावयाचे. एखाद्या हंगामात झाड पिवळे पडे, मग मऊ होऊन कोसळे. 'निवडुंगास कापूस लागला' असे जुनी माणसे सांगत, ते हेच.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात याहूनही मोठे नाट्य घडत होते. तेथे निवडुंगाने सुमारे सहा कोटी एकर जमीन व्यापली होती. माणसे शेतीवाडी सोडून जात होती. अर्जेंटिनातून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी दहा वर्षांच्या आत ती बहुतेक मोकळी केली. क्वीन्सलंड प्रांतातील बूनार्गा गावच्या शेतकऱ्यांनी आपल्या सभागृहास त्या पतंगाचे नाव दिले. आपल्याकडे त्या किड्याचे स्मारक कोणी उभारले नाही. असो.

स्मारक नसल्याचे आम्हास वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते पुढच्या गोष्टीचे. ऑस्ट्रेलियातील मोकळी जमीन पुन्हा चराऊ कुरणे व शेते म्हणून वसविली गेली. आपल्याकडे निवडुंग गेला, त्याबरोबर त्याने अडवून ठेवलेली जमीन मोकळी झाली, पण त्या जमिनीवर गवत आणण्याचे काम कोणाचे, याचा विचार झाला नाही. काही जागा घरांखाली गेली, काही नांगराखाली गेली, आणि उरलेली पुन्हा उघड्या दारासारखी पडून राहिली. या सबंध इतिहासात तणाचा पुरा पराभव झाला तो एवढ्या एकाच वेळी, आणि त्या विजयाचे फळ गवताच्या पदरी पडले नाही.

पश्चिमेकडील डोंगरात, पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या बाजूस, दुसराच वैरी आला. घाणेरी, हिलाच कोणी टणटणी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या सरकारी बागेत ही शोभेचे झुडूप म्हणून लावली गेली. रंगीबेरंगी फुले पाहून साहेब लोकांच्या बागांतून ती देशभर गेली, आणि बागेचे कुंपण ओलांडून रानात शिरली. बुलबुल, साळुंक्या तिची काळी फळे खाऊन बी पसरवितात. वणव्याने ती वर जळते, पण बुंध्यातून दुप्पट जोमाने फुटते. तिच्याखाली गवत उगवत नाही.

घाणेरी जनावर सहसा खात नाही. वासानेच दूर होते. भुकेले जनावर, किंवा दुसऱ्या मुलखातून नव्याने आणलेले जनावर मात्र तोंड घालते. तिच्या पानात यकृत बिघडविणारे विष आहे. दोन-तीन दिवसांत जनावर चारा टाकते, शेण आवळते, डोळे पिवळे होतात. मग उन्हात उभे राहिले की नाकपुड्या, कान, सड, जेथे कातडी पांढरी व केस विरळ तेथे कातडे लाल होऊन सोलते. खिल्लार जनावर पांढरेशुभ्र. त्याचे हाल विशेष. अशा जनावरास तत्काळ सावलीत बांधावे आणि पशुवैद्यकास बोलवावे. ते ऊन लागून भाजले असे समजून नुसते तेल चोळीत बसू नये. आपल्या पैकी पुष्कळांची गुरे अशा रीतीने गेली आणि दृष्ट लागली म्हणून खापर फोडले गेले, असे आम्ही ऐकले आहे.

घाणेरीवरही किडे आणून सोडले. १९२१ साली हवाईहून एक माशी आणि १९४१ साली ऑस्ट्रेलियातून एक ढेकणासारखा किडा आणला. निवडुंगासारखे यश मात्र आले नाही. झाड पाने टाकते, पाऊस पडला की पुन्हा पालवते. तिच्यावर खरा उपाय कष्टाचाच आहे. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी एक पद्धत दाखवून दिली आहे. सबंध बुंधा खणीत बसण्याची गरज नाही. जमिनीखाली चार बोटांवर, जेथे खोड संपून मूळ लागते, तेथे कुदळीने मूळ तोडावे. त्याखालच्या मुळास फुटवा येत नाही. मग झुडूप उपटून उलटे, मुळे वर करून ठेवावे, म्हणजे त्याच्या फांद्या मातीला लागून पुन्हा रुजत नाहीत. पुढचे दोन-तीन पावसाळे मोठ्या झाडांखाली, जेथे पाखरे बसतात तेथे, उगवलेली रोपे उपटीत राहावे. आणि मोकळ्या जागी लगेच गवत पेरावे. हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि तेच सर्वांत आधी विसरले जाते.

पूर्व भागातील वेडी बाभूळ ही आपल्या घरचीच अडचण आहे असे म्हटले पाहिजे. तीही अमेरिकेची, १८७७ साली प्रथम दक्षिण हिंदुस्थानात लावली गेली. पाणी न मागता वाढते, सरपण देते, कोळसा उत्तम होतो, म्हणून दुष्काळी मुलखात तिचे कौतुक झाले. कच्छमधील बन्नीचे गवताळ रान एके काळी आशिया खंडातील उत्तम कुरणांत गणले जाई. तेथे १९६० च्या सुमारास जंगल खात्याने खारवट जमिनीची वाढ रोखण्यासाठी ही बाभूळ लावली, आणि तेथील मालधारी लोकांचे गवत तिने गिळले. आपल्याकडे तळ्यांच्या पोटात, ओढ्यांच्या काठी आणि पडीक गायरानांत ती माजली आहे. तिच्या गोड शेंगा मेंढरे आवडीने खातात, बी पचत नाही, आणि लेंडीबरोबर पुढच्या माळावर जाऊन पडते, तेही खतासकट. म्हणजे तिचा प्रसार करणारे पाखरू नव्हे, आपलाच कळप आहे. शेंगा खाल्लेला कळप चांगल्या कुरणात नेण्यापूर्वी आठवडाभर जुन्याच रानात राखावा, आणि शेंगा घालावयाच्याच तर बियांसह भरडून घालाव्यात. भरडलेले बी रुजत नाही, आणि पोषण मात्र अंगी लागते. तोडलेल्या बाभळीचा बुंधा वीतभर खोल खणून काढला नाही तर सारा खर्च व्यर्थ होय.

राहिले गाजर गवत. यास कोणी काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी. १९५०-६० च्या दरम्यान पुण्यात ते प्रथम लोकांच्या नजरेस आले आणि १९५६ साली त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या पी. एल. ४८० करारातील गव्हाबरोबर ते आले अशी सार्वत्रिक समजूत आहे, आणि आम्हीही पुष्कळ वर्षे शाळेत मुलांना तसेच सांगितले जाताना ऐकले. परंतु भारताशी तो करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि गवत पुण्यात त्यापूर्वीच उभे होते. १९५१ साली अमेरिकेने आपणास कर्जाऊ गहू दिला होता. त्याबरोबर ते आले असल्यास नकळे. कसेही येवो, ते आले आणि कमालीच्या वेगाने पसरले. एका झाडास दहा हजारांवर बी धरते, आणि ते इतके हलके की वारा, पाणी, मालमोटारीची चाके, जनावरांचे खूर, काहीही त्यास पुरते. दुष्काळात दूरवरून वैरण आली की तिच्याबरोबर बी येते. २०१२-१३ च्या टंचाईत माणदेशात ज्या चारा छावण्या उभ्या राहिल्या, त्यांनी हजारो जनावरे वाचविली, याविषयी कृतज्ञताच वाटते. तरी अशा जागी पुढच्या पावसाळ्यात काय उगवते यावर नजर ठेवणे हे त्या उपकारातच धरले पाहिजे.

गाजर गवत गुरे खात नाहीत. अन्य चाऱ्यात मिसळून पोटात गेले तर दुधास कडवटपणा येतो. माणसाच्या कातडीस खाज सुटते, कोणास दमा लागतो. १९८३-८४ च्या सुमारास मेक्सिकोतून आणलेला एक भुंगेरा बंगळूरजवळ सोडण्यात आला. तो पावसाळ्यात पाने चाळणीसारखी खातो. कोरडा काळ आला की जमिनीत दडून बसतो आणि गवत तेवढ्यात दुसरी पिढी काढते. तेव्हा किड्यावर सर्व सोपवून चालत नाही. उपटणे हाच उपाय, पण तो फूल येण्यापूर्वी आणि जमीन ओली असताना. फुलावर आलेले गवत उपटून रस्त्याच्या कडेस टाकणे म्हणजे आपल्या हाताने पेरणी करणे. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातर्फे दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा सप्ताह यासाठी पाळला जातो. शाळकरी मुलांकडून हे काम करून घेणारे आमचे व्यवसायबंधू पुष्कळ आहेत. त्यांना विनंती की मुलांच्या हातात मोजे आणि तोंडावर फडके असल्याखेरीज हे करू नये.

या सर्वांवर एक सरळ उपाय म्हणून चराईबंदी पुढे केली जाते. राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या गावांनी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी करून डोंगर हिरवे केले, हे नाकबूल करण्याचे कारण नाही. तेथे गवत कापून नेण्यास मोकळीक आहे, आणि ते कापले जाते, हा त्यातला मुख्य भाग होय. आमची तक्रार आहे ती बंदी घालून पुढे काहीच न करण्याविषयी. कासच्या पठाराचे उदाहरण साताऱ्याच्या अगदी दाराशी आहे. २०१२ साली सह्याद्रीतील इतर स्थळांबरोबर त्याची जागतिक वारशात गणना झाली. पर्यटकांची गर्दी आवरण्यासाठी कुंपण घातले, त्याबरोबर गुरेही बाहेर राहिली. पुढे काही वर्षांत गवत माजून नाजूक फुलझाडे दबू लागल्याची ओरड झाली, आणि शेवटी कुंपण काढावे लागले. शेकडो वर्षे गुरे चरत होती म्हणून तेथे ती फुले टिकली होती, हे जाणत्यांनी मान्य केले. मेंढपाळास कुरणाचा शत्रू ठरविणाऱ्यांनी कासला एकदा जाऊन यावे. सध्या फुलांची छायाचित्रे काढण्यास तेथे पुष्कळ लोक जातातच. मात्र जाताना रस्त्याच्या कडेस पिवळ्या-केशरी रंगाचे कॉसमॉस डोलताना दिसेल, त्याचेही छायाचित्र काढून भारावून जाऊ नये. तेही परकेच आहे, आणि पुण्याच्या टेकड्यांवर त्याने बस्तान बसविले आहे.

पूर्वी वाडा हलत असे म्हणून माळास विसावा मिळे, असे वर सांगितले. आता वाडा हलण्याच्या वाटा ऊस, द्राक्षबागा, रस्ते आणि कुंपणे यांनी अडविल्या आहेत. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) दुष्काळाने ओस पडलेली वाडी आहे. आज पुष्कळ वाड्या दुष्काळावाचूनही ओस पडतात, कारण तरुण मुलांस मुंबईची वाट मेंढरांच्या वाटेपेक्षा सोपी झाली आहे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण जी कुटुंबे अद्याप कळप राखून आहेत त्यांचे पाय गावच्या गायरानातच अडकलेले आहेत, आणि त्या गायरानाची व्यवस्था ग्रामपंचायतीकडे असते. आपल्या समाजाचे सभासद आज गावोगाव पंचायतीत बसतात. गायरानाचा विषय निघाला म्हणजे तो अतिक्रमणापुरताच निघतो. त्यावर कोणते गवत उभे आहे, हे कोणी विचारीत नाही.

ज्या गावास हे काम करावयाचे असेल त्याने सबंध गायरान एकदम हाती घेऊ नये. त्याचे चार तुकडे करावे. एका तुकड्यात पावसाच्या आरंभी कळप सोडू नये, बाकी तिन्हींत आळीपाळीने सोडावा. पुढच्या वर्षी विसाव्याचा तुकडा बदलावा. विसाव्याच्या तुकड्यातील तण प्रथम काढावे. झुडपे मुळासकट उन्हाळ्यात काढावी, गाजर गवत आषाढ-श्रावणात फुलाआधी उपटावे. कुसळी असेल तर ती कुसळे धरण्यापूर्वी कापून वाळवावी, म्हणजे तिची वैरण होते आणि बीही पडत नाही. जेथे जागा उघडी पडेल तेथे त्याच पावसात मारवेल लावावा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्याचे सुधारित वाण काढले आहेत. बी उगवण्याचा भरवसा कमी असल्याने मुळासह ठोंबे लावणे बरे. ओढ्याच्या काठावर किंवा बांधावर जुना मारवेल अजून पुष्कळ ठिकाणी तग धरून आहे. त्याचाच एक गड्डा खणून, दोन-दोन काड्यांचे ठोंब फोडून, हातभर अंतरावर लावले तरी चालतात. दोन चांगल्या पावसात ते एकमेकांस भिडतात. पहिल्या वर्षी त्यावर जनावर घालू नये. कार्तिकात विळ्याने वरवर कापून घ्यावे, आणि बुंधा चार बोटे राखावा.